पट नऊ, निकाल शंभर टक्के: रत्नागिरी जिल्ह्यातील सहावी-सातवीचे वर्ग मोजायचे तरी कसे?

पाखाडी
नमस्कार. मुंबईत एकतीस वर्षे नोकरी करून तीन वर्षांपूर्वी मी संगमेश्वर तालुक्यातील माझ्या गावी परतलो. गावाने मला जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर 'शिक्षणप्रेमी' म्हणून घेतले. शिक्षणावर माझे प्रेम असल्याचा पुरावा कोणी मागितला नाही, कारण त्या जागेसाठी दुसरे कोणी तयारच नव्हते.

आमची शाळा पहिली ते सातवीची आहे. सध्या सहावीत पाच आणि सातवीत चार मुले आहेत. सहावी-सातवीचे वर्ग बंद करून ही नऊ मुले साडेचार किलोमीटरवरच्या माध्यमिक विद्यालयात पाठवावीत, असे तोंडी सुचवण्यात आले आहे. लेखी काही आलेले नाही. पालकांत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे, आपल्या शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के असताना ती का मोडायची? दुसऱ्याचे म्हणणे, चार मुलांच्या वर्गाला कोणी शाळा म्हणत नाही.

मागच्या आठवड्यात मी शाळेचे जुने दाखलखारीज रजिस्टर चाळत बसलो होतो. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. १९७०च्या दशकातील पानांवर तेथे 'शेतीकाम', 'घरकाम', 'नापास' असे निरनिराळे शब्द दिसतात. नव्वदीनंतरच्या पानांवर बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे: 'मुंबई'. काही ठिकाणी तर लिहिणाऱ्याने वरच्या ओळीखाली नुसत्या 'सदर'च्या दोन रेघा मारल्या आहेत.

माझा प्रश्न असा आहे की, ज्या जिल्ह्यात मुलेच कमी होत चालली आहेत तेथील शाळेची गुणवत्ता कशावरून ठरवायची? बैठक पुढच्या पंधरवड्यात आहे.

सुपारीबाग
कोणीतरी मुंबईहून परत आले, ही आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने मोठी बातमी आहे. दुर्दैवाने तुम्ही सहावीत बसू शकत नाही, त्यामुळे पटावर त्याचा परिणाम होणार नाही.

दशांश
पाखाडी, प्रश्न फार नेमका मांडला आहे. माझा व्यवसाय आकडेमोडीचा असल्यामुळे तेवढ्यापुरते लिहितो.

चार मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे पंचवीस टक्के. एक हुशार मुलगी मामाकडे ठाण्याला गेली की वर्गाची सरासरी कोसळते, आणि एखाद्या कच्च्या मुलाने शाळा बदलली की ती उंचावते. दोन्ही वेळा शिक्षकाने काहीच वेगळे केलेले नसते. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलांना मागे ठेवायचे नव्हते. कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन थांबवण्याची मुभा दिली, पण सहावी-सातवीला ती आजही नाही. म्हणजे तुमच्या शाळेच्या शंभर टक्के निकालाचा अर्थ एवढाच, की मुले वर्षाअखेरीस पुढच्या वर्गात गेली.

दुसरा आकडा जनगणनेचा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती आणि २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत सुमारे ४.८ टक्के घट. सिंधुदुर्गातही ती घटली. आणि दर हजार पुरुषांमागे रत्नागिरीत ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा स्त्रीसन्मानाचे लक्षण म्हणून काही भाषणांत वापरला जातो. कमावत्या वयाचे पुरुष गावाबाहेर आहेत, एवढाच त्याचा मुख्य अर्थ आहे. शाळेचा पट हा त्या आकड्याचा दहा-पंधरा वर्षांनी ऐकू आलेला प्रतिध्वनी समजा.

निवृत्त_गुरुजी
मी छत्तीस वर्षे याच जिल्ह्यात शिकवले. त्यांपैकी एकोणीस वर्षे सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान घेतले. दशांश यांचे गणित बरोबर आहे, परंतु वर्गाच्या आत काय घडते तेही पाहायला हवे.

कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक हवा, आणि त्यांत गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी प्रत्येकी एक तरी असावा. प्रत्यक्षात संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, पटावर होते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयावर शिक्षक संघटनांनी राज्यभर आक्षेप घेतला तो याच मुद्द्यावर, कारण वीसच्या आतल्या पटाच्या सहावी ते आठवीच्या गटातील पदेच त्यामुळे धोक्यात आली. पाखाडी यांच्या शाळेत पदवीधर शिक्षक आहे का आणि तो कोणत्या विषयाचा आहे, हे आधी विचारा. भाषेचा पदवीधर गणित शिकवू शकत नाही असे मी म्हणणार नाही, पण पूर्णांकांची वजाबाकी शिकवताना तो घाबरला की मुले ती भीती बरोबर ओळखतात.

माझ्या शेवटच्या शाळेत एकाच खोलीत पाचवी, सहावी आणि सातवी बसत असे. फळ्यावर मी खडूने दोन उभ्या रेघा ओढून त्याचे तीन भाग करीत असे. डावीकडे पाचवीचे शुद्धलेखन, मध्ये सहावीचे अपूर्णांक, उजवीकडे सातवीचा भूगोल. पाचवीतील एक मुलगी स्वतःचे शुद्धलेखन संपवून मधल्या रकान्यातील अपूर्णांक सोडवायची. ती पुढे सहावीत आली तेव्हा मला तिला शिकवण्यासारखे फारसे उरले नव्हते. त्याच खोलीत सातवीतील एक मुलगा मात्र वर्षभर उजव्या रकान्याकडे पाहतच राहिला, आणि त्याच्याजवळ बसायला मला वेळ मिळाला नाही. बहुवर्ग अध्यापनाबद्दल प्रशिक्षणात जे सांगतात त्यात ती मुलगी असते. तो मुलगा नसतो.

वाशिष्ठीकाठ
गुरुजी, आपला प्रतिसाद फार आवडला.

मी चिपळूणजवळच्या गावात राहते. माझी दोन्ही मुले चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत होती आणि पाचवीला मी त्यांना काढून इंग्रजी माध्यमात घातले. कोणी दोष देण्याआधी कारण सांगते. शाळा वाईट नव्हती. माझ्या मोठ्या मुलीच्या वर्गात ती एकटी मुलगी होती आणि सोबत दोन मुलगे होते. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी बरोबरीच्या मैत्रिणी असणे ही अभ्यासाइतकीच मोठी गोष्ट आहे, हे पटाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. सकाळी पावणेआठला वाडीच्या तोंडाशी पिवळी गाडी येते. ती गाडी पाहूनच निम्म्या घरांचा निर्णय होतो.

यातून गावच्या शाळेत कोण उरते, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ज्यांना गाडीचे भाडे परवडत नाही, ज्यांचे आई-वडील मुंबईत असून मूल आजीजवळ आहे, किंवा जे मजुरीसाठी बाहेरून आले आहेत, अशांची मुले उरतात. मग त्या शाळेची तुलना खासगी शाळेशी करून 'बघा, हे मागे आहेत' असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आणि हे मी स्वतः मुले काढून घेतल्यानंतर म्हणते आहे, याची मला जाणीव आहे.

निखारा
सर्वांनी एक गोष्ट टाळली आहे. दहावीच्या निकालात कोकण विभाग २०१२ पासून दरवर्षी राज्यात पहिला येतो. २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. या विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. ज्या मुलांचा दहावीचा पाया सहावी-सातवीत जिल्हा परिषदेच्या शाळेने घातला, ती पास होत असतील तर शाळा चांगल्याच आहेत. उगाच रडगाणे कशाला?

दशांश
निखारा, निकाल खरा आहे आणि त्याचे श्रेयही द्यायला हवे. मात्र कोकण विभागात परीक्षेला बसणारी मुले पंचवीस-तीस हजारांच्या घरात असतात आणि एकट्या मुंबई विभागात तीन लाखांहून अधिक. लहान विभाग, बऱ्यापैकी साक्षर समाज, मुलांची गळती कमी आणि दाटीचे वर्ग नाहीत, ही सारी कारणे एकत्र आहेत. शिवाय ९९ टक्के उत्तीर्ण म्हणजे ९९ टक्क्यांना भागाकार येतो असे नव्हे. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातील आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. तो आकडा देशाचा आहे, रत्नागिरीचा नाही, पण उत्तीर्ण होणे आणि येणे यांत केवढे अंतर असू शकते ते त्यावरून कळते.

सातपुड्याच्या_पायथ्याशी
मी नंदुरबारचा, त्यामुळे या धाग्यावर पाहुणा आहे. एक तुलना सुचली म्हणून लिहितो. २०११ मध्ये नंदुरबारची लोकसंख्या १६,४८,२९५ होती, म्हणजे रत्नागिरीपेक्षा जेमतेम तेहतीस हजारांनी जास्त. कागदावर दोन जुळे जिल्हे. पण त्या दशकात तुमचा जिल्हा ४.८ टक्क्यांनी घटला आणि आमचा पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढला. तुमची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर होती, तर आमची ६४.३८ टक्के, राज्यात सर्वांत कमी. आमच्याकडे अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्के आहे.

आमची अडचण पटाची नाही. मुले भरपूर आहेत, पण घरात भिली किंवा पावरी बोलतात आणि पुस्तक मराठीत असते. पहिली-दुसरीत हे अंतर कोणी नीट भरून काढले नाही, तर सहावीत ते मूल 'गणितात कच्चे' ठरते. खरे तर त्याला गणिताचे शाब्दिक उदाहरण वाचून कळत नसते. शिवाय सहावीच्या सुमारास बरीच मुले आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळेत जातात. मग जिल्हा परिषदेच्या सहावी-सातवीची आकडेवारी पाहून जिल्ह्याविषयी काही म्हणायचे, तर निम्मे चित्र दुसऱ्याच खात्याच्या कपाटात असते.

सांगण्याचे तात्पर्य, 'ग्रामीण जिल्ह्यातील शाळा' नावाची एकच वस्तू नाही.

बालाघाट
सातपुडा यांना अनुमोदन. आमच्या बीडकडची आणखी एक तऱ्हा. संचमान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. त्या दिवशी आमच्या गावातील शाळा भरलेली असते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि सातवीच्या वर्गात कधीकधी तिसरा हिस्सा उरतो. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मुलाबरोबर शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धतही आहे. परंतु सहावी-सातवीची मुलगी आई-वडिलांबरोबर फडावर जाते ती धाकट्या भावंडांना सांभाळायला, आणि मुलगा जातो तो वाढे (उसाचे हिरवे शेंडे) बांधायला. त्या वयातल्या मुलाचे हात कामाला उपयोगी पडू लागतात, हीच खरी अडचण आहे. पहिलीतल्या मुलाला आजीजवळ ठेवता येते. बारा वर्षांच्या मुलाला मागे ठेवणे घराला परवडत नाही.

परीक्षा एप्रिलमध्ये असते. टोळ्या कारखान्याच्या पट्ट्याप्रमाणे मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुले परीक्षेला असतात, पटावर असतात, आणि मधल्या पाच महिन्यांत मात्र नसतात. तुमचा शंभर टक्के निकाल आणि आमचा शंभर टक्के निकाल कागदावर अगदी सारखा दिसतो.

कलमबाग
बालाघाट यांनी ३० सप्टेंबरचा उल्लेख केला म्हणून मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडे तीच तारीख उलटी लागते.

आमच्या पट्ट्यात हापूसच्या बागांची राखण करायला नेपाळी कुटुंबे येतात. काही बारमाही राहतात आणि काही पावसाळा संपल्यावर येतात. चिरेखाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबे असतात. ही मुले नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शाळेत दाखल झाली की तोवर पटाची तारीख उलटून गेलेली असते. त्यांना पुस्तके मिळतात, खिचडीही मिळते. पण त्यांच्यासाठी शिक्षक मंजूर होत नाही, कारण मोजणीच्या दिवशी ती नव्हती.

आमच्या वाडीच्या शाळेत मागच्या वर्षी सहावीत तीन मुले होती आणि त्यांपैकी दोन नेपाळी होती. त्यातल्या एका मुलीने बोलण्यात आमची मालवणी वळणाची मराठी इतकी उचलली होती, की केंद्रप्रमुख आल्या तेव्हा त्यांना ती स्थानिक आणि आमचा पुतण्या परका वाटला. पुतण्या मुंबईत वाढला आहे. त्याला पऱ्या म्हणजे ओढा हे तिने समजावून सांगितले.

सुपारीबाग
अगदी खरे. आमच्याकडे शाळा वाचवायची असेल तर चाकरमान्यांपेक्षा आंब्यावर जास्त भरवसा ठेवावा लागतो.

दाभोळखाडी
खाडीपट्ट्यातील उर्दू माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांचा कोणी उल्लेख केला नाही. घरातले पुरुष मुंबईऐवजी आखातात, एवढाच फरक. बाकी घटता पट, आजीच्या ताब्यातील मुले आणि पिवळी गाडी, सारे तेच. एक वेगळी अडचण मात्र आहे. मराठी शाळा बंद झाली तर जवळच्या दुसऱ्या मराठी शाळेत मूल जाऊ शकते. उर्दूची सहावी बंद झाली तर पुढची उर्दू शाळा कित्येकदा खाडीच्या पलीकडे असते. 'जवळची शाळा' ठरवताना अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, तर आमच्याकडे ते भरती-ओहोटीत मोजावे लागते.

निखारा
शिक्षकांविषयीही बोलूया. घाटावरून येणारे शिक्षक येथे नोकरी लागेपर्यंत कोकणाचे गुणगान गातात आणि पात्र झाले की आंतरजिल्हा बदलीने निघून जातात. मुलांनी कोणाकडून शिकायचे? स्थानिक डी.एड.धारक बेरोजगार बसले आहेत.

निवृत्त_गुरुजी
निखारा, आपल्या बोलण्यात तथ्य आहे, पण सूर पटला नाही. पदे रिकामी राहतात आणि स्थानिक उमेदवार वर्षानुवर्षे मागणी करीत आहेत, हे खरे. परंतु मी ज्यांच्याबरोबर काम केले त्यांत सोलापूरकडचा एक तरुण शिक्षक होता. तो वाडीतच भाड्याने राहिला, पावसात साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) मुलांना हात धरून पलीकडे नेत असे, आणि सात वर्षांनी गेला तो आई आजारी पडल्यामुळे. आम्ही स्थानिक मात्र रोज चाळीस किलोमीटरवरून दुचाकीने ये-जा करीत होतो. म्हणून माणूस कुठला यापेक्षा तो विषय किती वर्षे सलग शिकवतो, ते पाहा. सहावीला आलेला गणिताचा शिक्षक ती मुले सातवीतून बाहेर पडेपर्यंत टिकला, तर मला पुरे.

दुसरे म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षा. पूर्वी ती चौथीला आणि सातवीला होती. सातवीपर्यंतच्या शाळेला त्यामुळे स्वतःची अशी एक बाहेरची कसोटी होती आणि गावात फलकावर नावे लागत. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. आमच्या जिल्ह्यातील कित्येक शाळा सातवीलाच संपतात, आठवी माध्यमिक विद्यालयात. म्हणजे पाया आम्ही घालायचा आणि नाव हायस्कूलच्या फलकावर. आठवीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीही तशीच. तीत निवडलेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आता शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी-सातवीकडे आणण्याचा निर्णय झाला आहे, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. त्यात थोडा स्वार्थ आहे, निवृत्त झालो असलो तरी.

वाशिष्ठीकाठ
आपल्या जिल्हा परिषदेने परीक्षेतून निवडलेल्या मुलांना इस्रो आणि नासाच्या भेटीला पाठवले, त्याबद्दल सर्वांचे काय मत आहे? मला ते आवडले होते.

दशांश
मुलांसाठी उत्तमच. मात्र निवडक मुलांच्या यशावरून शाळेची सरासरी काढू नये आणि सरासरीवरून त्या मुलांचे यश लहान करू नये.

सुपारीबाग
नासाला जाऊन आलेल्या मुलाला परत वाडीत यायला रत्नागिरी स्थानकावरून एस.टी. मिळाली का, हे कोणी विचारले नाही.

पाखाडी
सर्वांचे आभार. मधल्या चार दिवसांत मी एक उद्योग केला. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन नऊही मुलांना एकेकटे बोलावले आणि तीन गोष्टी विचारल्या. दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला लावला, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितले, आणि वजनाची चिठ्ठी दाखवून 'अडीच किलोला एवढे तर पाव किलोला किती' असे विचारले.

उतारा नऊही जणांनी वाचला. भागाकार पाच जणांना आला. पाव किलोचे उत्तर सहा जणांनी दिले, आणि गंमत अशी की त्या सहांपैकी दोघांना कागदावरचा भागाकार आला नव्हता. त्यातल्या एकाच्या आजीचे किराणा दुकान आहे. त्याने बोटांवर मोजून उत्तर काढले आणि वर मला विचारले, "काका, सुटे आहेत ना?"

गुरुजींनी विचारले होते त्याचे उत्तरः पदवीधर शिक्षकाचे पद आहे, भरलेले आहे, आणि ते शिक्षक भाषेचे आहेत. गणित तेच घेतात. त्यांनी स्वतःहून मान्य केले की सातवीच्या बीजगणिताला ते स्वतः आदल्या रात्री अभ्यास करतात.

खरे सांगायचे तर आता मी जास्त गोंधळलो आहे. वाचनावरून पाहिले तर शाळा टिकवावी असे वाटते. भागाकारावरून पाहिले तर गणिताचा शिक्षक असलेल्या ठिकाणी मुलांनी जावे असे वाटते.

गणिताचा_तास
मी माध्यमिक विद्यालयात शिकवते, तुमच्या जिल्ह्यात नाही, शेजारच्या. मला एकत्रीकरणाची बाजू मांडू द्या, कारण येथे ती कोणीच घेतलेली नाही.

नऊ मुले अठ्ठावीस मुलांत येऊन बसली की त्यांना विषयवार शिक्षक मिळतात, प्रयोगशाळेचे कुलूप उघडते, कबड्डीचा संघ होतो. चार मुलांत संघ होत नाही. २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा प्रस्ताव आला, पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळचे दाखले दिले गेले, तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळा होत्या. विरोध झाला आणि तो रास्तही होता, कारण पहिली-दुसरीच्या मुलाला दूर पाठवणे चूक आहे. पण सहावीच्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. कायद्याच्या नियमांतही पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटर असा फरक केलेला आहे. लहान मुलांची शाळा वाडीत ठेवा आणि मोठ्यांना एकत्र आणा, असे मधले काही का नसावे?

सातपुड्याच्या_पायथ्याशी
तोरणमाळला मुलांच्या राहण्याची सोय आहे, हे विसरू नये. नुसती शाळा एकत्र केली आणि मुले पायी चालत राहिली, तर त्याला समूह शाळा म्हणता येणार नाही.

कलमबाग
आणि पाखाडी यांचे अंतर साडेचार किलोमीटर आहे, तीन नव्हे. जुलैमध्ये ते साडेचार किलोमीटर कसे असते हे मी सांगते. पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, शेवाळ धरते, पऱ्याला पाणी आले की साकव दिसेनासा होतो, आणि मुलगी वेळेत घरी आली नाही तर आजी काठी घेऊन वाटेवर उभी राहते. आमच्या वाडीतील एका मुलीची शाळा सातवीनंतर याच कारणाने सुटली. तिला अभ्यास जड नव्हता.

बालाघाट
मुलींना एस.टी.चा पास मोफत असतो ना?

कलमबाग
पास मोफत आहे. गाडी असायला हवी.

पाखाडी
बैठक काल झाली. वृत्तांत देतो.

पंचवीस जण जमले, त्यांत मुंबईहून व्हिडिओ कॉलवर असलेले चार वडील. मी दशांश यांचा टक्केवारीचा मुद्दा मांडला, गुरुजींच्या फळ्यावरच्या दोन रेघा सांगितल्या आणि माझ्या चाचणीचा तक्ता नावे न घेता वाचला. एका आजीने विचारले, "भागाकार आला नाही त्यात माझा नातू आहे का?" मी गप्प बसलो. तिने ओळखले.

ठराव असा झाला, की सहावी-सातवीचे वर्ग येत्या वर्षी हलवायचे नाहीत, मात्र आठवड्यातून दोन दिवस केंद्रशाळेतील गणिताच्या शिक्षकाची सेवा मिळावी अशी लेखी मागणी करायची. ती वर्षभरात पुरी झाली नाही तर स्थलांतरास संमती द्यायची, पण अट अशी की शाळेच्या वेळेला जुळणारी एस.टी. आधी सुरू झाली पाहिजे. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने रिक्षाचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली. ती नम्रपणे बाजूला ठेवली, कारण वर्गणीवर चालणारी रिक्षा गणपतीपर्यंत चालते आणि शिमग्यापर्यंत बंद पडते, हा आमचा अनुभव आहे.

आज सकाळी एस.टी. आगारात चौकशी केली. माध्यमिक विद्यालय पाच वाजता सुटते. आमच्या बाजूची गाडी पावणेचारला निघते आणि त्यानंतरची थेट साडेसातची वस्तीची गाडी. वेळ बदलून मिळेल का असे विचारले, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी वही उघडली आणि पहिला प्रश्न विचारला, "मुले किती?"

दशांश
नऊ म्हणालात का?

पाखाडी
म्हणालो. त्यांनी वही मिटली.

कलमबाग
पाखाडी, अर्जात फक्त तुमची नऊ मुले धरू नका. त्या रस्त्यावरच्या सगळ्या वाड्यांतून पाचवी ते दहावीची जी मुले त्या विद्यालयात जातात त्यांची एकत्र यादी करा आणि तिन्ही ग्रामपंचायतींचे ठराव जोडा. माझे माहेर त्याच रस्त्यावर आहे. आमच्या वाडीतून सहा जातात, त्यांत बागेवरच्या दोघी नेपाळी मुली आहेत. नावे आणि इयत्ता संध्याकाळपर्यंत व्यक्तिगत निरोपाने कळवते.